‘सी ड्राइव्ह लाल झालो’ : घरचे फोल्डर दुसऱ्या हार्ड डिस्कवर हलवताना लोक विचारतात ते प्रश्न

मालवणात माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वर्षातून दोनदा सी ड्राइव्ह (विंडोज जिथे बसलेलं असतं तो भाग) भरल्याच्या एकाच तक्रारीची गर्दी होते : मे महिन्यात, आंब्याची बिलं आणि पर्यटकांचे फोटो साठून कॉम्प्युटर अडतो तेव्हा, आणि गणपतीनंतर, आरतीचे आणि भजनाचे व्हिडिओ घरच्या पीसीवर उतरवले की. तेच प्रश्न तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. बहुतेक सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. लिनक्सचं शेवटाकडे थोडं आहे.

सी ड्राइव्ह लाल झाला म्हणजे बिघडला का?

नाही. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की विंडोज ‘धिस पीसी’ मधली ड्राइव्हखालची पट्टी लाल दाखवतं, एवढंच. पण दुर्लक्ष करू नका. विंडोजला अपडेट उतरवायला आणि तात्पुरत्या फाइल्स ठेवायला मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही की मशीन कुंथायला लागतं, आणि लोक व्हायरसला शिव्या घालतात.

सध्याच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असते. विंडोजमध्ये ती २३८ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं : कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. म्हणूनच १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. त्या २३८ मधून विंडोज आणि प्रोग्रॅम वजा करा. उरलेल्यात घरातल्या चौघांचे मोबाइलचे फोटो किती दिवस मावणार?

नवी डिस्क घेण्याआधी ‘डाउनलोड्स’ एकदा उघडून बघा. देवगडच्या एका बागायतदारांच्या डाउनलोड्समध्ये एकाच गटाचा सातबारा चौदा वेळा होता. प्रत्येक वेळी १५ रुपये भरून नवा उतरवलेला, कारण आधीचा कुठे गेला ते सापडत नव्हतं. जागा त्याने फारशी खाल्ली नव्हती. जागा खाल्ली होती त्याच फोल्डरमधल्या व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या व्हिडिओंनी. ते काढले आणि पुढचे चार महिने डिस्क घ्यावी लागली नाही.

माझ्याकडे डी ड्राइव्ह आहेच की. मग दुसरी डिस्क कशाला?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच, म्हणून सविस्तर सांगतो.

सी आणि डी ही नावं आहेत, डिस्का नव्हेत. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून एकाला सी आणि दुसऱ्याला डी म्हणता येतं, आणि आपल्याकडे विंडोज टाकून देणारे बहुतेक जण तेच करतात. एका घरात दोन चुली मांडल्या तरी छप्पर एकच असतं. कौलं उडाली की दोघांच्याही चुलीत पाणी.

खरं काय ते असं बघा : स्टार्ट बटणावर राईट क्लिक करा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात डाव्या बाजूला ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ असे करडे चौकोन दिसतील. सी आणि डी दोन्ही ‘डिस्क ०’ च्याच ओळीत असतील, तर तुमच्याकडे डिस्क एकच आहे. डी ‘डिस्क १’ च्या ओळीत असेल, तर खरोखर दोन आहेत.

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो मी ‘सुरक्षित’ म्हणून डीवर ठेवले होते. बाहेर काढलेली ती डिस्क एका दुपारी टेबलावरून फरशीवर पडली. सी गेला आणि त्याच्यासोबत डीही गेला, कारण दोघे एकाच तबकडीवर होते. दुसऱ्यांच्या डिस्का दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बहिणीच्या लग्नाचे आता अकरा फोटो आहेत, तेही नातेवाइकांच्या मोबाइलमधून गोळा केलेले.

तरीही एकाच डिस्कवरच्या डी भागात फोल्डर हलवण्यात एक फायदा आहेच. उद्या विंडोज नव्याने टाकावं लागलं, तर फक्त सी फॉरमॅट करता येतो आणि डी तसाच राहतो. पण जागा वाढत नाही आणि डिस्क गेली तर काही वाचत नाही.

मग कोणती डिस्क घ्यावी?

डेस्कटॉप पीसी असेल तर सोपं आहे. कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची साटा हार्ड डिस्क बसते (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत). मदरबोर्डवर साटाची रिकामी जागा आणि पॉवर सप्लायची एक मोकळी वायर आहे का, तेवढं उघडून बघा. साटाची डेटा केबल डिस्कसोबत बहुतेक वेळा येत नाही, ती वेगळी मागून घ्या. नाहीतर कुडाळहून डिस्क आणाल आणि केबलसाठी परत कुडाळ गाठावं लागेल.

लॅपटॉप असेल तर आधी आत काय आहे ते बघावं लागतं. काहींत एम-डॉट-टू (पट्टीच्या आकाराची एसएसडी) ची दुसरी जागा रिकामी असते, काहींत अडीच इंची डिस्कची. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवता येते. फक्त तिची जाडी मोजून घ्या, कारण कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते आणि चुकीची आणली तर ती आत जातच नाही.

विंडोज एसएसडीवर आणि फोटो-व्हिडिओ साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही जोडी घरासाठी मला अजूनही सगळ्यात परवडणारी वाटते. लॅपटॉप गाडीवरून रोज इकडेतिकडे जात असेल, तर मात्र दोन्ही एसएसडीच घ्या. आपल्या रस्त्यांवर फिरत्या तबकडीचा भरवसा धरू नये.

यूएसबीने जोडायची बाहेरची डिस्क या कामाला नको. कधीतरी कोणीतरी ती काढणारच, आणि त्या दिवशी तुमचा ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर हवेत लटकेल. डेस्कटॉपचा फोल्डर तिच्यावर असेल तर लॉगिन केल्यावर रिकामा पडदा दिसेल, आणि फोन येईल : “रे, माझे फाइल खंय गेले?” बाहेरची डिस्क वेगळ्या कामाची आहे, ते पुढे सांगतो.

डिस्क लावली, पण ‘धिस पीसी’ मध्ये दिसत नाही.

नवी कोरी डिस्क आपोआप दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ‘इनिशियलाइज’ करू का असं विचारेल. तिथे डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा (जुनी एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही), मग काळ्या पट्टीवर राईट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. झालं.

पण डिस्क जुनी असेल, तिच्यात माल असेल, आणि तरी विंडोज ‘इनिशियलाइज करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ विचारत असेल, तर हात मागे घ्या. काहीही दाबू नका. ते विचारणं म्हणजे विंडोजला आतलं वाचता येत नाही याची कबुली आहे. आतलं गेलंच आहे असं नाही.

कोणते फोल्डर हलवायचे?

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, डाउनलोड्स. डेस्कटॉपही हलवता येतो. पडद्यावरच सगळं टाकून ठेवायची सवय असेल तर जरूर हलवा.

‘विंडोज’, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि ‘अ‍ॅपडेटा’ यांना हात लावू नका. अ‍ॅपडेटा लपलेला असतो, कधीकधी खूप फुगतो, आणि तो हलवायचा मोह होतो. पण प्रत्येक प्रोग्रॅम त्याचं सामान तिथेच शोधतो. आखाच्या आखा ‘यूजर्स’ फोल्डर उचलून डीवर नेण्याच्या युक्त्याही लोक सांगतात. पुढच्या मोठ्या अपडेटला ते गळ्याशी येतं.

टॅली वापरत असाल तर एक लक्षात ठेवा : तुमचा हिशेब डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीमध्येच डेटाचा पत्ता दिसतो. तो आधी बघा, बॅकअप घ्या, मगच काय ते.

नेमकं कसं हलवायचं?

आधी नव्या डिस्कवर प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर तयार करा. समजा डीवर ‘घर’ नावाचा फोल्डर, आणि त्याच्या आत ‘कागदपत्रं’, ‘फोटो’, ‘व्हिडिओ’, ‘डाउनलोड’. नावं मराठीत चालतात. एखाद्या फार जुन्या प्रोग्रॅमला देवनागरी पत्ता झेपत नाही. तसा प्रोग्रॅम वापरात असेल तर इंग्रजी नावं द्या.

मग फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘पिक्चर्स’ वर राईट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’. वर टॅब दिसतील, त्यातला ‘लोकेशन’ उघडा. चौकटीत सध्याचा पत्ता असतो : सी, मग यूजर्स, मग तुमचं नाव, मग पिक्चर्स. खाली तीन बटणं : ‘रिस्टोअर डिफॉल्ट’, ‘मूव्ह’, ‘फाइंड टार्गेट’. ‘मूव्ह’ दाबा, डीवरचा ‘फोटो’ फोल्डर निवडा, आणि वरच्या चौकटीत नवा पत्ता बरोबर आला का ते वाचा. वाचा म्हणजे खरंच वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग ‘अप्लाय’. जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइल्स नव्या जागी नेऊ का, असं विंडोज विचारेल. ‘येस’.

असं एकेक करत जा. दोन फोल्डरना एकच पत्ता चुकूनही देऊ नका. पिक्चर्स आणि व्हिडिओज एकाच फोल्डरमध्ये ढकलले की विंडोजच्या लेखी ते एकच होतात आणि परत वेगळे करताना ते अडून बसतं.

लोकेशनचा टॅबच दिसत नसेल, तर तुम्ही खऱ्या फोल्डरऐवजी त्याच्या शॉर्टकटवर किंवा लायब्ररीवर क्लिक केलंय. सी, यूजर्स, तुमचं नाव या वाटेने आत जाऊन पुन्हा करा.

एवढं कशाला? कट-पेस्ट केलं तर?

फाइल्स जातील, पत्ता जाणार नाही. माणूस कणकवलीला राहायला गेला, पण पोस्टात कळवलं नाही, तर पत्रं जुन्याच घरी येत राहतात. तसंच इथे. वर्ड, ब्राउझर, स्कॅनर सगळे विंडोजला विचारतात, ‘डॉक्युमेंट्स कुठे आहे?’ विंडोज सीचा पत्ता सांगतं. आठ दिवसांत सीवर पुन्हा नवा ढीग, आणि निम्मं इकडे, निम्मं तिकडे. लोकेशन बदलणं म्हणजे पोस्टात कळवणं.

सेटिंग्जमध्ये ‘नवीन गोष्टी कुठे साठवायच्या’ असाही पर्याय आहे. तो फक्त पुढच्या फाइल्सना लागू होतो. आधीचं काही हलत नाही. लोक तो बदलतात आणि सी अजून लाल का म्हणून विचारत बसतात.

घाईत ‘मूव्ह’ करताना मी थेट डी ड्राइव्हच निवडला. आता डीचंच नाव ‘डॉक्युमेंट्स’ दिसतंय.

हे दर महिन्याला एकदा तरी येतं. आत वेगळा फोल्डर न निवडता अख्खा डी दिला की विंडोज संपूर्ण डिस्कलाच डॉक्युमेंट्स समजतं.

घाबरू नका, फाइल्स जागेवर आहेत. डीवर नवा ‘कागदपत्रं’ फोल्डर करा, पुन्हा लोकेशनमध्ये जाऊन तो निवडा, आणि फाइल्स नेऊ का विचारल्यावर या वेळी ‘नो’ म्हणा. ‘येस’ म्हणालात तर ते डीवरचं सगळंच त्या एका फोल्डरमध्ये कोंबायला बघेल. नंतर जे खरंच कागदपत्रांमधलं आहे ते हाताने उचलून आत टाका.

दोन फोल्डर एकाच पत्त्यावर गेले असतील आणि विंडोज ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणत नकार देत असेल, तर मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) ‘यूजर शेल फोल्डर्स’ मध्ये पत्ता दुरुस्त करावा लागतो. ते स्वतः पहिल्यांदाच करत असाल तर शेजारी कोणीतरी जाणतं असू द्या.

लोकेशनमध्ये पत्ता वनड्राइव्हचा दिसतो. तो कुठून आला?

विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही बऱ्याचदा गुपचूप वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठ्याच्या, ताब्यात गेलेले असतात. फुकट जागा ५ जीबी. ती गणपतीच्या दीड दिवसात भरते, आणि मग ‘जागा संपली’ असे निरोप सुरू होतात.

अशा वेळी आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप’ थांबवा, फोल्डर एकेक सोडवा. थांबवल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसू शकतो. फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तिथून त्या आणायच्या. काही फाइल्सवर ढगाचं चिन्ह असेल तर त्या प्रत्यक्षात तुमच्या मशीनवर नाहीतच. आधी त्या उतरवून घ्या, आणि त्यासाठी नेट नीट चालू असलेला दिवस धरा. हे झाल्यावरच लोकेशन बदला. उलट क्रमाने केलंत तर दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात.

हलवताना मध्येच लाईट गेली तर?

तर काही फाइल्स नव्या जागी, काही जुन्या जागी, आणि एखादी अर्धवट. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवणं म्हणजे आधी नक्कल करणं आणि मग मूळ पुसणं. त्यामुळे सगळंच जातं असं नाही, पण निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो.

किती वेळ लागेल त्याचा अंदाज घ्या. आतल्या साटा डिस्कला सेकंदाला १०० एमबी धरले तर २०० जीबीला अर्धा तास. हजारो बारीक फोटो असतील तर त्याच्या दुप्पट सुद्धा. जुन्या यूएसबी २.० वरून सेकंदाला तीसेक एमबी मिळतात, म्हणजे दोन तास गेले. आषाढातल्या संध्याकाळी आमच्याकडे दोन तास सलग लाईट राहिली तर लोक शेजाऱ्याला हाक मारून सांगतात.

म्हणून माझी पद्धत थोडी लांबची आहे, पण रात्री झोप लागते. पिक्चर्समधलं सगळं आधी डीवर ‘कॉपी’ करायचं, कट नाही. मग दोन्ही ठिकाणी सगळं निवडून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि फाइल्सचा आकडा जुळतो का बघायचा. परवा एका होमस्टेवाल्या काकूंच्या मशीनवर इकडे १८,४०६ आणि तिकडे १८,४०२ आले. त्या चार फाइल्स शोधायला वीस मिनिटं गेली. त्यातली एक होती त्यांच्या जुन्या घराच्या ओटीचा एकमेव फोटो, चिरेबंदी घर पाडायच्या आधीचा. आकडे जुळल्यावर लोकेशन बदलायचं आणि फाइल्स नेऊ का विचारल्यावर ‘नो’ म्हणायचं. जुना ढीग आठवडाभर सीवर तसाच ठेवायचा. सगळं उघडतंय याची खात्री पटली की मग पुसायचा.

आणि डेस्कटॉप पीसीला यूपीएस लावाच. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवत असाल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडमध्ये पंखा क्षणभर थांबून परत फिरतो, पीसी मात्र तेवढ्यात बंद पडतो.

आता दोन डिस्क झाल्या. म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही.

आधी तुमचे फोटो सीवर एका जागी होते. आता ते डीवर एका जागी आहेत. जागा बदलली, संख्या एकच. जो फोटो फक्त एका डिस्कवर आहे तो नशिबावर आहे, मग ती डिस्क कितीही नवी असो.

आणि दोन्ही डिस्का एकाच कॅबिनेटमध्ये असतील तर नक्कल केली तरी अर्धाच उपयोग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांची छपरं नेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, आणि तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेले सीपीयू चिखलासकट बाहेर काढावे लागले. त्या पाण्याला सी आणि डी यांतला फरक कळत नव्हता.

म्हणून बाहेरच्या यूएसबी डिस्कचं खरं काम हे. विंडोजमधली ‘फाइल हिस्टरी’ तिच्यावर नक्कल घेत राहते. किंवा महिन्यातून एकदा हाताने कॉपी करा, तेही चालेल. काम झालं की डिस्क काढून कपाटात, जमिनीपासून वर. आणि आणखी एक नक्कल घराबाहेर. आपल्याकडे त्यासाठी चाकरमान्यांसारखी सोय नाही. गणपतीला मुंबईचे भाऊ-वहिनी येतात, परत जाताना त्यांच्या पिशवीत नारळ, कोकम, आंबोळीचं पीठ असतं. त्यातच एक डिस्क घाला. शिमग्याला ती परत येते, नवं भरून पुन्हा जाते. खूप मोलाची चारच कागदपत्रं असतील तर गूगलची १५ जीबीची फुकट जागाही पुरते.

खाऱ्या हवेने हार्ड डिस्क खराब होते का?

डिस्कच्या आतल्या तबकड्यांना सहसा काही होत नाही, बाहेरच्या जोडण्यांना होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर समुद्राचा खारा वारा. साटाच्या पिवळ्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो आणि डिस्क मधूनच गायब होते, मधूनच येते. मशीन बंद करून, वायर काढून, केबल दोनदा काढून घातली तरी बऱ्याचदा डिस्क परत दिसते. नाही झालं तर केबल बदला. डिस्क मेली असं ठरवण्याआधी शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलून बघणं कधीही स्वस्त.

साध्या हार्ड डिस्कच्या कव्हरवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवायला ते लागतं. आगोटीला (पावसाच्या तोंडावर) सगळ्या घराला प्लास्टिक बांधायच्या उत्साहात लोक डिस्कवर पण चिकटपट्टी मारतात. मारू नका. (हीलियम भरलेल्या मोठ्या डिस्कांना ते भोक नसतं, त्या पूर्ण बंद असतात.)

पावसाळ्यात पीसी आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवा, आतली ऊब ओल घालवते. बाहेरची डिस्क डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून लॅपटॉप दमट हवेत आणलात तर अर्धा तास तसाच राहू द्या, लगेच चालू करू नका. चष्म्यावर जशी वाफ धरते तशी आतही धरते. आणि कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या पट्ट्या बंद करून घ्या. पॉवर सप्लायमध्ये पाल शिरून शॉर्ट होणं ही आमच्याकडे विनोदाची गोष्ट नाही, मी स्वतः चिमट्याने काढल्या आहेत.

श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल्स हलवल्यावर बिघडतील का?

हलवल्याने नाही. पण हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टच्या फाइल्समध्ये देवनागरी अक्षरं नसतातच, असतात रोमन चिन्हं. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट, आणि फॉन्ट सीवर विंडोजच्या फोल्डरमध्ये बसलेला असतो. उद्या विंडोज नव्याने टाकलं की डीवरच्या फाइल्स शाबूत आणि उघडल्यावर सगळी गचपण अक्षरं. मंडळाचे तीस वर्षांचे जमाखर्च असे ‘गेले’ म्हणून माझ्याकडे आले होते. फॉन्ट घातला आणि पाच मिनिटांत परत आले.

तेव्हा फॉन्टच्या फाइल्सची नक्कल आजच डीवर ठेवा. आणि फुरसत मिळेल तसं महत्त्वाचं युनिकोडमध्ये (खऱ्या देवनागरी अक्षरांत) बदलून घ्या.

विंडोज परत टाकताना डीवरचं राहील ना?

डी दुसऱ्या डिस्कवर असेल तर राहील, फक्त टाकणाऱ्याने चुकीची डिस्क निवडली नाही तर. इन्स्टॉलच्या पडद्यावर ‘ड्राइव्ह ०’, ‘ड्राइव्ह १’ अशीच नावं असतात आणि घाईत गफलत होते. मी दुसऱ्या डिस्कची केबलच काढून ठेवतो. विंडोज बसलं की परत लावतो. तुमच्या माणसाला पण तसंच सांगा, तो हसला तरी चालेल.

नव्या विंडोजमध्ये डीवरचे फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असं येऊ शकतं. ‘कंटिन्यू’ दाबा, मिळते. मग लोकेशनचं काम पुन्हा एकदा करायचं : पत्ता द्यायचा, फाइल्स तिथेच असतात.

एक कळीची गोष्ट. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा आणि तो कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. ती की नसेल तर तुमची डिस्क माझ्यासाठी, आणि कोणाहीसाठी, वीट आहे.

मुंबईहून मुलगा सांगतो, ‘सिमलिंक कर’.

सिमलिंक म्हणजे जुन्या जागेवर नव्या जागेची पाटी लावणं. मुलगा हुशार आहे, पण डॉक्युमेंट्स-पिक्चर्ससाठी सिमलिंकची गरज नाही. लोकेशन टॅब त्याच कामासाठी दिलाय. ज्या प्रोग्रॅमला पत्ता बदलायची सोयच नाही, त्याच्या मोठ्या फोल्डरसाठी ‘जंक्शन’ (सिमलिंकसारखीच पाटी) उपयोगी पडतं. मुलगा गणपतीत आला की त्यालाच करू द्या.

लिनक्सवर?

शाळांमधून आलेल्या जुन्या मशीनवर उबुंटू असतं, म्हणून विचारतात. नवी डिस्क सुरू होताना आपोआप जोडली जाईल असं करून घ्या (‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम ते करतो). मग होममधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘यूजर-डर्स’ नावाची फाइल असते, तिच्यात पिक्चर्स, डॉक्युमेंट्स यांचे पत्ते साध्या मजकुरात लिहिलेले असतात. ते बदलून परत लॉगिन केलं की झालं. फाइल्स मात्र तुम्हालाच न्याव्या लागतात.

डिस्क टक-टक वाजते आहे. आधी हलवू की आधी दुरुस्त करू?

दोन्ही नको. सगळ्यात महत्त्वाचा एक फोल्डर आधी कॉपी करा आणि मशीन बंद करा. वाजणाऱ्या डिस्कवर ‘चेक डिस्क’ (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, त्या तपासणीने डिस्कला आणखी पळावं लागतं. आवाज नाही, पण संशय आहे, तर क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. निळं असेल तर बरं, पिवळं आलं तर त्याच आठवड्यात नवी डिस्क.

नाही जमलं, परत सीवर आणायचं असेल तर?

तोच लोकेशन टॅब, ‘रिस्टोअर डिफॉल्ट’, मग ‘अप्लाय’ आणि ‘येस’. फक्त आधी सीवर तेवढी जागा आहे का बघा. नाहीतर पट्टी पुन्हा लाल होईल आणि तुम्ही पुन्हा दुकानात. सोमवारी बंद असतं.